हाडावरचा चेहरा

१

हर्षदा हाडावर रेघ ओढायला शिकली, ती साडीवरच्या खड्यांमुळे. सुरतेतल्या लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत घरोघरी बायका साड्यांना खडे चिकटवत बसायच्या. हर्षदाही दारात पाय पसरून तेच करायची. एके दिवशी समोरून जाणारा बन्सीलाल थांबला आणि बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"तुझा हात हलत नाही," तो म्हणाला. "खडे काय चिकटवतेस? माझ्याकडे ये. काम शिकवतो."

बन्सीलाल मूळचा नवापूरकडचा, पण उभा जन्म सुरतेत गेलेला. तरुणपणी तो जुन्या शहरात लाकडी पेट्यांवर हाडाचं जडावकाम करणाऱ्यांकडे होता. ते कारखाने बंद पडले, तसा तो घरीच हाडावर कोरीव चित्रं करू लागला. म्हशीचं हाड उकळून, पांढरं करून, तासून त्याच्या खेळातल्या पत्त्याएवढ्या पाट्या करायच्या. त्या घासून घासून अशा गुळगुळीत करायच्या की बोट ठरू नये. मग सुईने चित्र कोरायचं. एक व्यापारी ती चित्रं परदेशी पाठवायचा.

या कामातली गंमत म्हणजे कोरताना काही दिसत नाही. पांढऱ्यावर पांढरी रेघ. नुसता किर्र आवाज येतो आणि बोटाला कळतं. सगळं कोरून झालं की काळी शाई फडक्याने चोळायची आणि पुसून टाकायची. गुळगुळीत भागावरची शाई निघून जाते, रेघांमधली राहते. तेव्हा कुठे आपण काय केलंय ते दिसतं.

पहिला महिनाभर बन्सीलालने तिला सरळ रेघेशिवाय काही करू दिलं नाही. रेघ वाकली की तो पट्टीने बोटांच्या पेरांवर मारायचा, तेही जोरात.

"श्वास सोडताना ओढ. घेताना नाही. किती वेळा सांगू?"

हर्षदा हात मागे घ्यायची नाही. मार तिला नवा नव्हता. तिसऱ्या महिन्यात तिच्या पाटीवर मोर आला, पिसाऱ्यातला डोळान् डोळा वेगळा. बन्सीलालने तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "सरस. आता चेहरा. फोटोवरून नको, जिवंत माणूस बघून कर. घरात कोणी न हलता बसेल असं आहे का?"

हर्षदाला हसू आलं.

"आहे ना," ती म्हणाली. "माझी सासू."

२

धुरपदाबाईला झटका येऊन आठ महिने झाले होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची, आणि डोळे. पुढच्या खोलीत, खिडकीखाली तिची खाट होती. मागे स्वयंपाकघर. एवढंच घर.

हर्षदाचा नवरा लखन कडोदऱ्याला खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवायचा. सकाळी सहाला जायचा, संध्याकाळी साडेसहाला यायचा. मधले बारा तास घरात या दोघीच. धुणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं हर्षदा करायची. शेजारची चंचल सगळ्यांना सांगायची, सून असावी तर अशी.

चंचलला आधीची अकरा वर्षं ठाऊक नव्हती. ती या गल्लीत नवी होती. भाकरी जाड झाली की धुरपदाबाई ती दारातल्या कुत्र्याला घालायची आणि तेवढी हर्षदाच्या वाटणीतून कमी करायची. हर्षदाचं मूल पाचव्या महिन्यात पडलं, तेव्हा चौथ्या दिवशी तिला पाट्यावर वाटायला बसवलं. हे सगळं हर्षदाने गिळलं होतं. एक गोष्ट मात्र गिळता आली नव्हती. झटक्याआधीच्या मे महिन्यात तिचे वडील अमळनेरहून तिला भेटायला आले होते. धुरपदाबाई दारात उभी राहिली आणि त्यांच्या देखतच सुनेला म्हणाली, "तुना बापले सांगी दे, आठे धरमशाळा नही शे."

वडील उंबऱ्यावरूनच फिरले. पाणीही प्याले नाहीत. जुलैत ते गेले.

त्या बाईच्या उशाशी आता हर्षदा स्टूल टाकून बसू लागली. हातात पाटी, सुई, डोळ्याला भिंग. धुरपदाबाईच्या कपाळावर आणि हनुवटीवर लहानपणीचं हिरवट गोंदण होतं. गालावर सुरकुत्यांचं जाळं. ओठ उजवीकडे ओघळलेले. अकरा वर्षं या चेहऱ्याकडे मान वर करून बघायची सोय नव्हती. आता हर्षदा तासन् तास बघायची.

म्हातारीही बघायची. डोळे मिटायची नाही.

३

चेहऱ्याला बारा दिवस लागले. बाराव्या दिवशी ओठ झाले आणि शेवटच्या रेघेला सुई घसरली. डाव्या ओठाच्या कोपऱ्यापासून थेट कानापर्यंत. एका श्वासाचं काम, आणि सगळं वाया. हर्षदाने चडफडत तशीच शाई चोळली, पुसली. चेहरा हुबेहूब उतरला होता. गालावरून ती चुकार रेघ मात्र केसासारखी काळी उठून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीचं अंग पुसताना हर्षदाला तिच्या डाव्या गालावर केस चिकटलेला दिसला. तिने तो ओल्या फडक्याने पुसला. निघाला नाही. नखाने धरायला गेली, तर हाताला काही लागेना.

ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत बारीक काळी रेघ होती.

शाई असेल, तिने मनाशी म्हटलं. माझ्याच बोटांना असते, याच बोटांनी हिला पुसते, भरवते. तिने साबण लावला. खोबरेल चोळलं. गाल लाल झाला आणि रेघ त्या लाल गालावर जास्तच ठळक झाली.

चंचल दुपारी कढीपत्ता मागायला आली, तेव्हा हर्षदाने सहज विचारावं तसं विचारलं, "आत्याबाईंच्या गालावर हे काय दिसतंय हो?"

चंचल वाकली. "गोंदण असेल जुनं. आमच्या आजीच्या तर गळ्यापर्यंत होतं."

"आधी नव्हतं पण."

"आधी तू कुठे एवढं निरखून बघत होतीस?"

हेही खरंच होतं. हर्षदाला बरं वाटलं. गोंदण हिरवट असतं आणि ही रेघ काळी आहे, एवढा विचार तिने चंचल जाईपर्यंत लांबवला.

पाटी तिने कणकेच्या डब्यामागे ठेवून दिली. आठवडाभर हात लावला नाही.

४

गल्लीतल्या खात्यांना सोमवारी सुट्टी असायची. बाकीचे दिवस मागांची खटखट एवढी, की घरात माणूस घसा फोडून बोललं तरच ऐकू यावं. ती सोमवारी सकाळी थांबली की कान भणभणायचे. मग हळूहळू घरातले आवाज परत यायचे. माठाखाली ठिबकणारं पाणी. भिंतीवरचं घड्याळ. धुरपदाबाईचा श्वास.

त्या सोमवारी हर्षदाने कणकेच्या डब्यामागची पाटी काढली. आपण खुळ्यासारखं वागतोय, हे एकदा ठरवून टाकायचं म्हणून. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. मधलं दार ओढून घेतलं. पाटीवरच्या चेहऱ्याच्या उजव्या भुवईवर, जिथे काही नव्हतं तिथे, तिने सुई टेकवली आणि एकच टिंब दिलं.

बाहेरच्या खोलीत श्वास अडकला. मग सुटला.

योगायोग, हर्षदा म्हणाली. तिने शाई चोळली, पुसली, हात धुतले. दोनदा धुतले. बाहेर जाऊन वाकून पाहिलं. उजव्या भुवईवर मोहरीच्या निम्म्या आकाराचा काळा ठिपका होता. खालचा डोळा तिच्याकडे बघत होता आणि त्यात पाणी होतं.

त्या क्षणी आपल्याला काय वाटलं, हे हर्षदाने पुढे कोणालाच सांगितलं नाही. भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण नंतर. आधी तिला आठवलं की झटक्यानंतर उजव्या बाजूला काही कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मग तिच्या मनात आलं, हे मात्र कळतंय.

ती स्वयंपाकघरात परत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्या दिवशी तिने सात रेघा ओढल्या. मंगळवारी माग सुरू झाले. आता बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यामुळे काम सोपं झालं. ती गालावर आडव्या ओढायची, नाकाखाली उभ्या. एखादी रेघ उथळ वाटली तर त्याच जागी पुन्हा ओढायची. बन्सीलालने शिकवल्याप्रमाणे श्वास सोडताना. हात जराही हलायचा नाही. मग ती भात टाकायची, म्हातारीला मऊ करून भरवायची, तोंड पुसायची. डोळ्यांतलं पाणी त्या बारीक रेघांमधून आडवंतिडवं पसरायचं, आणि ते ती नीट टिपून घ्यायची.

एकदा अंग पुसताना धुरपदाबाईने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. एवढी ताकद त्या बोटांत कुठून आली कोण जाणे. नखं रुतली. तोंडातून नुसती वाफ यावी तसा आवाज येत होता.

"काय म्हणता आत्याबाई?" हर्षदाने विचारलं. "मोठ्याने बोला ना."

मग एकेक बोट उचलून तिने मनगट सोडवून घेतलं.

५

लखनच्या खात्याला सुट्टी शुक्रवारची. एरवी तो घरी यायचा तेव्हा दिवेलागण झालेली असायची, आणि ट्यूबचा उजेड आईला खुपतो म्हणून पुढच्या खोलीत तो दिवा लावायचा नाही. अंधुक उजेडातच तिला चार घास भरवायचा. संध्याकाळचं हे एवढं काम तो दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही. सुट्टीच्या दिवशी हर्षदा म्हातारीला भिंतीकडे कूस करून ठेवायची आणि वर पदर ओढायची, माश्या बसतात म्हणून. पण त्या शुक्रवारी लखनने भर दुपारी खिडकी उघडली आणि पदर बाजूला केला.

"हाई काय शे?" तो ओरडला. "हर्षदा! हिना तोंडवर हाई काय शे?"

"गोंदण आहे," हर्षदा म्हणाली. "चंचलताई पण म्हणाल्या."

"माझ्या आईचं गोंदण मला माहीत नाही?" त्याने मोबाईलचा उजेड पाडला. बोट फिरवलं. "हे कापल्यासारखं आहे. कोण येतं इथे? दिवसभर तू काय करतेस?"

"आजार असेल काही कातडीचा."

लखनने तिच्याकडे पाहिलं. वेगळंच पाहिलं. मग म्हणाला, "मंगळवारी खाडा करतो. मोठ्या दवाखान्यात नेतो तिला. ते सांगतील काय आहे ते."

शनिवारी हर्षदा पाटी पदराखाली घेऊन बन्सीलालकडे गेली. त्याने भिंग लावलं आणि पाटी उजेडाकडे तिरपी करून पाहिली.

"हात बसला तुझा," शेवटी तो म्हणाला. "चेहरा असा मलाही जमला नसता. पण वरून हे ओरखाडे कशाला काढून ठेवलेस, बेटा? पोरं खेळली का याच्याशी?"

"काका, हे काढता येईल का?"

"येईल ना. पात्याने खरवडायचं. शाई खोल गेली असेल तर खालपर्यंत जावं लागेल. मग पॉलिश पेपर, पाणी लावून. आधी होती तशी कोरी होईल पाटी."

"आणि काही… राहत नाही ना मागे?"

"काय राहणार?" बन्सीलाल हसला. त्याने ड्रॉवरमधून एक पातं काढून तिला दिलं. "नीट घास, एवढंच. अर्धवट सोडू नकोस. कोरी पाटी मला परत आण, हाड महाग झालंय."

६

रविवारी हर्षदाची हिंमत झाली नाही. सोमवारी लखन कामावर गेल्यावर तिने म्हातारीला पुसलं, भरवलं, भिंतीकडे कूस करून ठेवलं आणि मधलं दार लावून बसली.

नेमका सोमवार. माग बंद.

आधी फक्त चुकीच्या रेघा काढायच्या, असं तिने ठरवलं होतं. ओठापासून कानापर्यंतच्या पहिल्या रेघेला तिने पातं लावलं. पांढरी भुकटी निघाली. रेघ पुसट झाली, गेली नाही. आणखी खरवडलं. रेघ ओठाच्या कोपऱ्यातून निघाली होती, त्यामुळे ओठाचा कोपराही थोडा गेला. ओठ पुन्हा काढता येईल, ती मनाशी म्हणाली. गालावरच्या रेघांनी तर जाळंच झालं होतं. कोणती आपली, कोणती मूळची सुरकुती, हे तिलाच कळेना. मग तिने निवडणं सोडलं आणि नुसतं पातं चालवलं.

बाहेर खाटेचा पाय फरशीवर टक् टक् वाजला. एकदा थांबला, पुन्हा वाजला. हर्षदाने नळ सोडला. पाण्याच्या आवाजात ती पॉलिश पेपर गोल गोल फिरवू लागली. पाटी धुवायची, उजेडाकडे धरायची, पुन्हा घासायची. नाकाची सावली राहिली होती, ती गेली. डोळ्यांचे ठिपके सगळ्यात खोल होते. डोळ्यांवर तिने सर्वांत जास्त वेळ काम केलं होतं. ते घासताना तिच्या बोटाचं कातडं निघालं, तरी ती थांबली नाही. अर्धवट सोडायचं नव्हतं.

दुपारी तीनला नळाचं पाणी गेलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाहेर काहीच वाजत नाहीये.

पाटी कोरी झाली होती. बोट ठरत नव्हतं.

तिने दार उघडलं आणि उंबऱ्यातूनच पाहिलं. धुरपदाबाई ठेवली होती तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोधडी वर खाली होत होती. म्हणजे श्वास चालू होता. हर्षदाचा जीव भांड्यात पडला. पांढऱ्या केसांखाली कान दिसत होता, आणि कानापुढे गालाचा थोडा भाग. त्यावर रेघ नव्हती. एकही नव्हती. सुरकुतीसुद्धा नव्हती. खिडकीतलं ऊन तिथे पडलं होतं आणि ती जागा चकाकत होती.

झालं, स्वच्छ झालं, हर्षदा म्हणाली.

खाटेपाशी जाऊन वाकून बघायला चार पावलं लागली असती. श्वास चालतोय म्हणजे नाक आहे, तिने हिशेब केला. मग नाक आपण घासलं होतं का, ते ती आठवू लागली. कूस बदलायची वेळ झाली होती. तिने बदलली नाही. दार ओढून घेतलं आणि मुगाची खिचडी टाकली.

७

लखन साडेसहाला आला. हातपाय धुतले. आज त्याचा राग उतरला होता.

"झोपली आहे का?"

"हो," हर्षदा आतूनच म्हणाली. "दिवसभर शांत आहे."

"उद्या नंबर लावून ठेवलाय. सकाळी आठला निघू. रिक्षावाल्याला सांगितलंय." तो स्वयंपाकघरात आला, वाटी घेतली, खिचडीत तूप घातलं आणि चमच्याने कालवून मऊ केली. हर्षदा त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होती. पाटी तिच्या कमरेला खोचलेली होती.

"तू का अशी गप्प?"

"डोकं दुखतंय."

तो पुढच्या खोलीत गेला. दिवा लावला नाही. खाट करकरली, म्हणजे तो काठावर बसला. म्हातारीला आपल्याकडे वळवताना तो नेहमी पुटपुटायचा तसा पुटपुटला, "चाल माय, दोन घास खाई ले."

हर्षदाने भांडी घासणं थांबवलं.

थोडा वेळ काही नाही. मग चमचा कशावर तरी आपटला. टक्. वाटीच्या काठाला लागल्यासारखा नव्हे. जरा भरीव आवाज.

"माय, तोंड उघाड ना."

टक्.

"अशी काय करस? उघाड." त्याचा आवाज अजून लाडाचा होता. खिचडी खाली सांडली असावी. त्याने ती बोटाने निपटल्याचं आणि पुन्हा चमचा भरल्याचं ऐकू आलं. टक्. मग त्याच जागी जरा बाजूला, टक्. मग वर. मग खाली.

मग चमचा थांबला. आता काही वाजत नव्हतं. तो हाताने चाचपत असावा. बराच वेळ चाचपत होता.

हर्षदा ओट्याला टेकून खाली बसली. कमरेची पाटी मांडीला टोचत होती, ती तिने काढून हातात घेतली. ती गार होती. नुकतीच पाण्याखालून काढल्यासारखी.

"हर्षदा," लखनने हाक मारली. अगदी हळू, कोणी ऐकेल या भीतीने मारावी तशी.

तिने पाटी पदराने पुसली.

"हर्षदा, इकडे ये जरा." पुन्हा थांबला. "चमचा कोठे घालू?"

"आले," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.